चिकटलेल्या बोटांची बाई

प्रिय गप्पीदास,

तुझं पत्र मिळालं. आई सुट्टीत तुमच्याकडे यायला तयार नाही आणि तिचे कान मीच भरते, हा शोध तू घरबसल्या लावलास. शाबास! थापा मारण्यात लहानपणापासून तुझा हात कोणी धरू शकलं नाही, पण त्या शेकोटीपुरत्या ठेवाव्यास.

मागच्या सुट्टीत अंगणात शेकोटी पेटवलीस ती आठव. दिवस नुकताच मावळला होता. पोरं तुला चिकटून बसलेली आणि तू लाँड्रीतल्या भुताची गोष्ट रंगवत होतास. वाफेत मेलेली बाई, दोन बोटं एकमेकांना चिकटलेली, मागून येते आणि मुलांच्या गालावरून हात फिरवते. बोटं कुणाची ते मला लगेच कळलं. आईने बावीस वर्षं लाँड्रीत काढली, वाफेच्या प्रेसखाली भाजून तिची बोटं जुळली, आणि त्याच हाताने तिने आपल्या दोघांना घास भरवले. पण तू रंगात आला होतास, आणि मीही खो खो हसत काटक्या टाकत होते. तेवढ्यात पोरांना गार वाजेल म्हणून आई शाल घेऊन बाहेर आली, आणि तिने तुझ्या धाकट्या लेकीच्या गालाला हात लावला. पोरगी किंचाळत पळाली. तिच्यामागे सगळीच. तुझी तर हसून मुरकुंडी वळली. आईही हसली, शाल खुर्चीवर ठेवून आत गेली.

दुसऱ्या आठवड्यात तिने हातमोजा आणला. भर उन्हाळ्यातही काढत नाही. तुझी लेक फोनवर दर वेळी विचारते, आजी, तुझा तो हात गेला का? आई म्हणते, जाईल हं बाळा. तुला हे ठाऊक नाही, कारण फोन लावून दिलास की तू उठून जातोस. राग येतो मला तुझा. माझाही येतो.

सोमवारी आई ती बोटं सोडवून घ्यायला ऑपरेशन करून घेतेय. एकाहत्तराव्या वर्षी, शुगर एवढी वाढलेली असताना. जखम चिघळली तर पंजा काढावा लागेल, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. गरज काडीचीही नाही, हात चांगला चालतो. तरी तिने सही केली, आणि तुला कळवू नकोस म्हणून मला शपथ घातली. ती मी मोडतेय. रविवारच्या आत लेकीला घेऊन ये. गोष्ट तू रचलीस, ती खोटी होती हेही तूच तिला सांग, आईसमोर सांग. ऑपरेशन नको म्हणून मी सांगून पाहिलं, पण आई माझं ऐकत नाही. मला हसताना तिने पाहिलं होतं.

तुझीच,
ताई