फोन कामून न्हाई आला?

५ डिसेंबर
श्रीगोंद्याजवळच्या या साखर कारखान्यात आज कॉम्प्युटर विभागात रुजू झाले! मळीचा वास थेट उशीपर्यंत येतो, चहा मात्र फक्कड. वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून ऊसतोड टोळीच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, दिसतात. पलीकडे ऊस, त्यात बिबट्या. म्हणून कॅमेरा बसवलाय. बिबट्या दिसला की माझ्या ताब्यातलं लिनक्स मशीन कोप्यांवरच्या सगळ्या मोबाईलना फोन लावतं. यंत्राच्या आवाजाला कुणी दाद देईना, म्हणून मुकादम मच्छिंद्र यांची बायको लंकाबाई हिच्याच आवाजात निरोप भरलाय. यादीत मी माझाही नंबर घातला. लंकाबाई हसून म्हणाली, "आता ताई, तुमी बी टोळीतल्याच."

९ डिसेंबर
डोक्याला ताप नुसता. पुण्याच्या ऑफिसशी जोडणारं व्हीपीएन सुरू झालं की मशीनमधली, सर्व्हरचे पत्ते कुठे शोधायचे ते सांगणारी डीएनएसची फाइल आपल्या सोयीने बदलतं. मग फोन लावणाऱ्या सर्व्हरचा पत्ताच मशीनला सापडत नाही. दुसरा प्रोग्रॅम फाइल पूर्ववत करतो, की पुणं तुटतं. भांडण त्या दोघांचं, साहेबांच्या शिव्या मला. शेवटी व्हीपीएनने लिहिलेली फाइलच कुलूपबंद केली, कुणाला बदलताच येऊ नये म्हणून. पुणं एकदम सुरळीत! फोन मात्र आता लागत नाहीत; ते उद्या बघते.

१२ डिसेंबर
साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. वाटेत लंकाबाई भेटली. म्हणाली, "तीन-चार दिस फोन न्हाई आला. बिबट्या गेला जनू." फोनचं राहिलंय हे मला त्याच क्षणी आठवलं. तरी मी हो म्हणाले.

१३ डिसेंबर
पहाटे पाण्याला निघालेल्या लंकाबाईला बिबट्याने उसात ओढून नेलं. ती गेली. कॅमेऱ्याने त्याला आधीच टिपलं होतं. फोन गेला नाही.
मी रडायला लागले तर मच्छिंद्र यांनीच मला पाणी दिलं. म्हणाले, जनावराला काय बोलायचं, ताई, तेला बी भूक. कुलपाचं न सांगताच मी ते पाणी प्यायले. माझी मलाच किळस येते. कुलूप काढलं. व्हीपीएन उडवून टाकलं.

१५ डिसेंबर
फाइलला पुन्हा कुलूप. माझ्याच नावाने. काढलं. जेवून आले, पुन्हा होतं. आजही कोप्यांवर फोन जाणार नाही, आणि हे फक्त मला माहीत आहे. सांगायचं तर आधीचंही सांगावं लागेल. उद्या सांगते.

१६ डिसेंबर
फोन आला. मला एकटीला. लंकाबाईचा आवाज— बिबट्या आलाय, पोरं आत घ्या. कोप्यांवर सगळे निवांत. मशीनला सर्व्हरचा पत्ता सापडत नसताना फोन लागला कसा?

१७ डिसेंबर
मशीनची वायर उपटली. तरी फोन. आणि निरोप वेगळा— "ताई, फोन कामून न्हाई आला?" हे कुणी भरलं नव्हतं. कुणीच—

१८ डिसेंबर, दुपार
पुन्हा ती. रोहिणी उसाकडं चालली म्हणते. रोहिणी तिची पोरगी— खिडकीतून दिसतेय, शेळीमागे. ओरडले तर विचारतील, तुम्हाला कसं कळलं. आणि मी इथे लिहीत बसलेय!

ओरडले. सगळं ओरडून सांगितलं, कुलूप मीच घातलं म्हणून. मच्छिंद्र खाली कोपीसमोर बसलेत, मान वर करत नाहीत. माझा आवाज पोचतच नाही— ऊस हलला— खाली पळते, रोहिणी बांधा—