जावईबापूंच्या साइटसाठी भाड्याची जागा

लाडक्या धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे हल्ली झोपेतही कुरकुरतात. पत्र नातीकडून लिहून घेते आहे. अक्षर तिचं, शहाणपण माझं. काम काही नाही, सहज आठवण आली.

तुझ्या जावईबापूंच्या गाद्यांची वेबसाइट आमची नात करते आहे, हे तुला ठाऊक आहेच. तिचं हे पहिलंच गिऱ्हाईक. टिकलं तर घरी बसून धंदा, नाहीतर परगावी नोकरी (मग माझी पत्रं कोण लिहिणार?). साइट झाली की ती ठेवायला एखाद्या कंपनीच्या यंत्रावर भाड्याने जागा घ्यावी लागते, त्याला होस्टिंग म्हणतात. नात तीन कंपन्यांचे भाडं, वेग, जागा असे रकाने मांडून बसली. खिडकीतलं ऊन तिच्या पायांवरून सरकत माझ्या पायांवर आलं, तरी तिचं ठरेना. म्हटलं, अगं, सोयरीक करताना घराची लांबीरुंदी मोजतात का? माणसं कशी बोलतात ते बघतात. लाव फोन.

पहिल्या कंपनीने नुसती बासरी ऐकवली. ऐकता ऐकता मला डोळा लागला. आपण दोघी लहान होऊन कापसाच्या ढिगावर उताण्या पडलोय, वरून आणखी कापूस तरंगत उतरतोय, आणि तू नेहमीसारखी सगळी जागा अडवलीस. जागी झाले तरी बासरी चालूच. दुसरीकडचा माणूस "काम बोला" म्हणाला आणि उत्तर देऊन मोकळा झाला. असल्या तुसड्याच्या घरी लेक कोण देईल? तिसरीकडची बाई मात्र लोण्यासारखी मऊ. माझी झोप कशी लागते तेही तिने विचारलं. म्हटलं, हीच. नातीने नाक मुरडलं, पण ऐकलं.

मग साइट रोज दुपारी बंद पडायला लागली. नातीने संगणकाचा पडदा दाखवला तर नुसता पांढराशुभ्र. मला वाटलं, जावईबापूंनी चादरीही विकायला काढल्या. मी तोंडभर कौतुक केलं. गिऱ्हाइकांनाही तेच दिसत होतं म्हणे. बाईची जीभ एवढी मऊ का, ते तेव्हा उमगलं: दिवसभर लोकांची समजूतच घालत असणार बिचारी. जावईबापू म्हणाले, "मावशी, झोपायचं गादीवर असतं, गादीने नाही," आणि काम दुसऱ्याला देतो म्हणून निघून गेले.

नातीने साइट आता तुसड्याकडे हलवली आहे. तेव्हापासून ती टक्क जागी आहे, आणि नातही.

तुझी,
थोरली

ता. क. काम नाही म्हटलं ते मनावर घेऊ नकोस. जावईबापू जेवून आडवे झाले की कानावर घाल: साइट एकदा उघडून बघा. खोड म्हातारीची, शिक्षा पोरीला नको.

पुन्हा ता. क. त्या गोड बाईला मी निरोपाचा फोन केला. तिला इतकं वाईट वाटलं की मी शब्द देऊन बसले. तेव्हा राग उतरला की जावईबापूंना हळूच विचार, गाद्या राहू देत तुसड्याकडे, पण उशांची वेगळी साइट काढून हिच्याकडे ठेवली तर? उशांना दुपारी डुलकी लागली म्हणून कुणाचं काय बिघडतं? नात पेन खाली ठेवायच्या बेतात आहे, म्हणून इथेच थांबते.