'येतो' म्हणून विहिरीत पडणारा गडी

प्रिय ताईस,

गुडघे वाकतील तेवढं वाकून नमस्कार. तुझी पाठ आणि भावजींचं पोट आता ताळ्यावर असावं. आम्ही सगळे धडधाकट आहोत, म्हणजे कुरकुर करण्याइतके नक्कीच.

कळवायची गोष्ट अशी, की तुझ्या भाचीने गेमची कंपनी काढली. काढली म्हणजे आधी बोधचिन्ह काढलं, मग घोषणा केली, मग लोक वाट बघू लागले. गेम अजून व्हायचाय. सोबतची मंडळी वेगवेगळ्या गावी, भेटतात ती पडद्यावरच, आणि ऑफिस म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल. (मी चहा ढवळला तरी "बाबा, आवाज!") आपली कंपनी आठवते का गं? गच्चीवरची खोली, एकच कॉम्प्युटर, त्याला घरातला टीव्ही जोडलेला. अण्णांना बातम्या बघायच्या असल्या की आपली कंपनी बंद. तू चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून आपल्या गेममधला गडी काढायचीस, आणि मी ती घरं मोजून आकडे टाइप करायचो. एकदा माझी ओळ चुकली आणि गड्याचं मुंडकं बगलेत आलं. तू आठवडाभर अबोला धरलास!

आणि आईचा तो हट्ट! गडी विहिरीत पडला की मी "मेलास!" लिहिलं होतं. असलं अभद्र घरात चालणार नाही, म्हणाली. "गेलास" केलं, तर तेही नको. निघताना माणसाने "येतो" म्हणावं. झालं, आपला गडी हसतमुखाने "बरं, येतो!" म्हणून विहिरीत पडू लागला. आपल्या गेमच्या कॅसेटी विकणारा दुकानदार कपाळावर हात मारून घ्यायचा, पण गिऱ्हाइकं मुद्दाम गडी पाडायची. फार मजेचे दिवस होते ते. तू लग्न होऊन गेलीस आणि मी खोलीला कुलूप लावलं. मला गडी काढता येत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावासा वाटला नाही.

पोरीचा गाडा सध्या अडलाय. तिच्या चित्रकाराने परवा कॅमेरा बंद ठेवूनच राजीनामा दिला (येतो म्हणणं तर दूरच). चित्रं झाली नाहीत तर तिला गाशा गुंडाळावा लागेल. मी मात्र तिच्या कामात नाक खुपसत नाही.

तुझा धाकटा भाऊ
(आता पुरता टकला)

ता. क. भाचीला चित्रांसाठी आत्याच हवी आहे. आत्याचा हात हल्ली थरथरतो, असं मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "चालेल, आमची नायिका म्हातारीच आहे." ताई, पुन्हा काढ गं.

आणखी एक ता. क. नाही म्हणायची घाई करू नकोस. आत्या हो म्हणाली, असं मी आधीच सांगून बसलोय. कालपासून कंपनीच्या पानावर तुझा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, "कलाप्रमुख". बऱ्याच अनोळखी लोकांनी अभिनंदन केलंय. त्यातला एक मी आहे, खोट्या नावाने.