डोळ्यांची आखणी जगनकडेच

मी, अनिता काळुराम घरत, वय सव्वीस, राहणार पेण, मुंबईत हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ठरले असल्याने माझी ही शेवटची इच्छा स्वखुशीने लिहिते. माझे मन ठिकाणावर आहे. हे लिहिताना हात थांबला, कारण याच घरात माझ्या थोरल्या भावाबद्दल, जगनबद्दल, "त्याचा डोका ठिकाणावर नाय" असे उठताबसता म्हटले गेले.

१. राहते घर आणि घरापुढचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना बाबांनी माझ्या एकटीच्या नावे केला, जगन पितो म्हणून. माझ्यामागे दोन्ही जगनला पूर्णपणे मिळावे. त्याच्यावर कोणी देखरेख नेमू नये. हैबतकाकांनी तयारी दाखवली आहे. आभारी आहे, नको.

२. याचे कारण. मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी आखतात आणि ते काम जगनचे. हात थरथरू नये म्हणून आखणीआधी घोटभर देण्याची आमच्याकडे रीतच पडली होती. काका स्वतः ओतत, "घे रं, हात थिर होल." हंगाम सरला की तेच काका म्हणत, "बेवडा झायलाय."

एका दवाखान्यात सांगितले, आधी दारू सोडवा, मग डोक्याचे बघू. दुसरीकडे म्हणाले, डोक्याचे बघतो, पण पिणारा माणूस इथे नको. रोह्याच्या डॉ. रिझवाना मुकादम यांनी मात्र जगनलाच विचारले, "नाही घेतली की काय होतं?"

तो म्हणाला, "आखलेलं डोलं माज्याशी बोलतान, बाय. घेतली का गप होतान."

इतकी वर्षे एका घरात राहून हे आम्हाला ठाऊक नव्हते. बाईंनी दारूचे आणि भासांचे औषध एकाच दिवशी, एकाच खोलीत सुरू केले. शिमग्याला तो पुन्हा प्यायला. मला वाटले, आता हाकलतील. त्या म्हणाल्या, "घसरलास ते कळलं. गोळ्या चुकवल्यास का?" त्याने नकारार्थी मान हलवली. "मग बस. चहा घे." असा डॉक्टर मी पाहिला नव्हता.

(वर "जगनने दारू सोडली" असे लिहिले होते, ते मी खोडले आहे. "सध्या घेत नाही" असे वाचावे. बाई तसेच म्हणायला लावतात.)

३. दोन्ही औषधे सोबतच चालू राहावीत. "आधी हे, मग ते" असे कोणीही म्हणू नये.

४. ज्यात ते जगनला ओतून देत, तो काचेचा पेला हैबतकाकांना द्यावा. त्यातून पाणी प्यावे.

५. माझे शिलाई मशीन चुलतबहीण पूजा हिला. सुई बदलून घ्यावी.

६. डॉ. रिझवाना आणि बायजाआत्या साक्षीदार असल्याने वकिलांच्या सांगण्यावरून त्यांना काही ठेवता येत नाही. आत्या म्हणाली, "मना काय नको गो, तू परत ये." बाईंना द्यायला तसेही माझ्याजवळ त्यांच्या तोलाचे काही नाही.

७. मी परत आले नाही, तरी यंदा घरच्या मूर्तीचे डोळे जगननेच आखावेत, काही न घेता. हात हलला तर हललेलेच डोळे राहू द्यावेत, कोणी दुरुस्त करू नयेत. आपण त्यांचीच पूजा करावी.

सही : अनिता काळुराम घरत

आमच्यादेखत सही झाली. लिहिणारीचे मन ठिकाणावर आहे. विचारले नसले तरी लिहिते, तिच्या भावाचेही आहे.
साक्षीदार : १. डॉ. रिझवाना मुकादम, रोहा
२. बायजा घरत, पेण (अंगठा)

पेण, २ ऑगस्ट १९९६