मागच्या रांगेतली मुलगी

रिचमंड हिल,
१२ ऑक्टोबर २०१७

प्रिय शैलेंद्र,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हे पत्र.

रविवारी आईला टोरंटोच्या म्युझियममध्ये नेलं. रिटायर झाल्यावर बाबा तिथल्या ज्या इजिप्तच्या कोरीव दगडासमोर तासन्‌तास उभे राहायचे, तो तिला बघायचा होता. देव आसनावर बसलेला, पुढ्यात नैवेद्याची रास, मुलगा हात उंचावून पूजा करतोय आणि मागच्या रांगेत त्याच्या गुडघ्याएवढी मुलगी, हातात फूल धरून. खाली लिहिलंय की बापाचं नाव जिवंत ठेवणाऱ्या मुलाने हा दगड घडवला. तीन हजार वर्षं झाली, मुलगी आपली मागेच.

मला बाबांचं वर्षश्राद्ध आठवलं. तुझं कनाटा इथून चार-साडेचार तासांवर, पण तू स्काइपवर बसलास, ऑफिसचा शर्ट घालून. वडे, खीर, आमसुलाची चटणी मी पहाटेपासून करत होते. गुरुजींनी संकल्पात नाव तुझं घेतलं. मध्येच तुझं नेट गेलं, तर म्हणाले, मुलाच्या वतीने तुम्ही पाणी सोडा. मी सोडलं. ज्या हातांनी सहा वर्षं बाबांना अंघोळ घातली, ते हात त्या दिवशी तुझे ठरले. संताप आला होता. तशीच पानं वाढायला उठले.

दगडासमोर मात्र आईला सगळं बोलून दाखवलं. वाटलं, आता तरी माझी बाजू घेईल. ती शांतपणे म्हणाली, “केलंस गं तू सगळं. पण त्यांना पोचतं ते मुलाच्याच हातून.” बावन्न वर्षांची बाई मी, वॉशरूममध्ये जाऊन रडले.

तिच्याशी भांडून काय उपयोग? एडमंटनच्या विद्यापीठातली नोकरी आईसाठी दोनदा नाकारली होती. या वेळी घेतली. स्नो पडायच्या आत, चार नोव्हेंबरला, आईला तुझ्या घरी सोडून मी पुढे जाणार आहे. विचारत नाही, कळवतेय. गोळ्यांची यादी सोबत आहे. डॉक्टरांचं निदान तुला मार्चमध्येच पाठवलं होतं, तू उघडलं नसशील. दिवसा ती ठीक असते. संध्याकाळी माणसं ओळखू येत नाहीत, मग घरभर शैलेंद्र, शैलेंद्र अशा हाका मारत फिरते. आजवर मी ओ देत आले. आता तू दे.

तुझीच,
उमाताई