बाजार पडला म्हणून टाळं लावू नये

मी, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याची मालकीण, वय सत्तेचाळीस, डोकं ठिकाणावर आणि तब्येत ठणठणीत असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवते. मरायची मुळीच घाई नाही. पण परवा शेअरबाजार कोसळला आणि धाकटा भाऊ धावत आला, "ताई, जगभर मंदी येतेय. कारखाना आत्ताच विकून टाक!" माझ्यामागेही तो हेच म्हणेल, म्हणून हा खटाटोप.

१. राहतं घर लेकीला, खिडकीतल्या कुंड्यांसकट. "आई, मला तुझी खोकी नकोत गं," असं तिने स्वच्छ सांगितलंय. तेव्हा ते ओझं तिच्यावर नाही.

२. कारखाना, कापणीची दोन्ही यंत्रं आणि माझी कुरकुरणारी खुर्ची खोकी चिकटवणाऱ्या पाचजणींना, समाईक. काम कमी झालं तर कोणाला घरी बसवायचं नाही. आजवर घेतली तशी पाळी अर्धी-अर्धी वाटून घ्यायची. बाजार नुसत्या भीतीनेही पडतो. आपल्या खोक्यांतला माल जातो त्या परदेशातल्या दुकानांत गिऱ्हाईक खरंच आटलं, तर आपली मागणी आटेल. ती बघून ठरवावं. ह्या आठवड्यात दिव्यांच्या खोक्यांची मागणी उलट वाढली आहे, म्हणून मी गालात हसत लिहिते आहे.

३. थोरल्या जाऊबाईंनी नेलेली माझी इस्त्री त्यांनाच. परत येण्याची आशा मी जिवंतपणीच सोडली आहे.

४. माझे शेअर भावाला, असं लिहिलं होतं. ते त्याने स्वतः खोडलं.
"ताई, मंदी खरंच आली तर मागणीही पडेल नि शेअरही. तेव्हा विकून काय मिळणार? आत्ता थांब, भाव वर आले की विक, आणि पैसे ह्या पाचजणींच्या पगारासाठी मुदतठेवीत टाक."
"आणि तुला रे?"
"मला सही करू दे. वाटेकरी झालो तर साक्षीदार होता येत नाही, वकीलकाकू म्हणाल्या."
खाडाखोड मला मान्य आहे. शेअर त्याच्या सांगण्याप्रमाणे पाचजणींसाठी.

स्थळ: कारखान्याची वरची खोली
दिनांक: ९ जून

लिहून ठेवणार: मी, मालकीण (सही)

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:
वकीलकाकू (सही)
धाकटा भाऊ (सही). सही वाकडी आली आहे ती त्याचीच. पाचजणींनी टाळ्या वाजवल्या आणि त्याचा हात हलला.