शंतनूचा माज आणि गिटारचा ब्रिज

३१ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.१०
ही वही आजपासून. कारण एकच: शंतनू.

काल प्लेनोच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती. अँप्लिफायर माझा. म्हणजे मंडळाचा, पण चार वीकेंड गॅरेजमध्ये खपून मी रिस्टोअर केलेला. आरती सुरू झाली आणि स्पीकरमधून जरासा हम, म्हणजे घुमल्यासारखा आवाज, आला. जरासा. (हॉलचं वायरिंग भिकार आहे.) तर हा शंतनू, गळ्यात गिटार अडकवून, माइकवर म्हणतो की आज तानपुरा फुकट आहे, गुरुनाथकाकांची कृपा. तीनशे लोक हसले. गुरुजी मंत्र सोडून हसले. उल्का हसली. माझी बायको आहे ती.

आणि काका कोणाला? तो एकोणचाळीसचा, मी सेहेचाळीसचा. नागपूरहून पहिल्यांदा इकडे अमेरिकेत आला तेव्हा एअरपोर्टवरून त्याला मीच ड्राइव्ह करून आणलं होतं. दोन बॅगा मी उचलल्या होत्या.

ठराव: सूड. दिवाळीच्या कार्यक्रमात, त्याच माइकवर, त्याच तीनशे लोकांसमोर शंतनूने 'माझी चूक झाली' असं म्हटलं पाहिजे. तोवर ही वही चालू राहील.

६ सप्टेंबर, शनिवार
आठवडाभर डोकं लावलं. शंतनूच्या वाढलेल्या लॉनबद्दल एचओएकडे, म्हणजे इथल्या सोसायटीकडे, निनावी तक्रार टाइप केली. मग खिडकीतून आपलं लॉन पाहिलं. डिलीट केली.

मंगळवारी त्याचा वाढदिवस होता. ग्रुपवर मी विश केलं नाही. एकशे बारा लोकांनी केलं, पण माझं नाही हे त्याला झोंबलं असणार.

अनिकाला योजना सांगितली. सोळा वर्षांची मुलगी आहे, तिला बापाच्या अपमानाचं काही वाटेल असं वाटलं. बाबा, यू नीड अ हॉबी, असं म्हणाली. हॉबीमुळेच तर हे सगळं झालंय.

१३ सप्टेंबर, शनिवार. दुपारी १२
देव आहे!

आश्लेषा आली होती. शंतनूची बायको. एकटी, हातात जुनी गिटार केस. आत शंतनूची पहिली गिटार. बारावीनंतर वडिलांनी नागपुरात घेऊन दिलेली. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. गिटारच्या पोटावरचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, उचकटून वर आलेला. सहा वर्षं कपाटात पडून आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर त्याला सरप्राइज द्यायचं आहे, पण दुकानवाला तीन महिने थांबा म्हणतो. काका, तुम्ही कराल का, असं विचारत होती.

मी तिला ठणकावून नाही म्हणणार होतो. तोंडातून हो निघालं. तरी एक अट घातली: कोणी दुरुस्त केली ते शंतनूने माइकवर सांगायचं. अहो, ते तो सांगेलच काका, असं म्हणाली.

आता शत्रूची शेंडी माझ्या हातात. इतकी सुंदर करीन ही गिटार की त्याला बोलायला शब्द सापडणार नाहीत. तीन शब्द सोडून.

२१ सप्टेंबर, रविवार
ब्रिज काढला. त्यासाठी पातळ, तापवलेली पट्टी आत सरकवावी लागते. माझ्याकडे नव्हती. उल्काचं धिरड्यांचं उलथनं घेतलं. गिटारला काही झालं नाही. म्हणजे लाकडाचा एक ढलपा निघाला, दोन इंचांचा, पण तो ब्रिजखालीच जाणार. उलथन्याला मात्र बाक आलाय.

उल्काने आज धिरडी केली नाहीत. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार
सकाळी एक दुष्ट विचार आला. तिसऱ्या तारेची खुंटी थोडी ढिली ठेवावी. ऐन गाण्यात तार उतरेल, शंतनू बेसूर होईल, तीनशे लोक हसतील. अर्धा तास फार छान वाटलं. मग विचार सोडला. आपण त्या पातळीवर उतरत नाही. (खुंटीला बसणारा छोटा स्क्रूड्रायव्हरही सापडला नाही.)

त्याऐवजी शंतनूचं माफीचं भाषण लिहून काढलं. म्हणजे तो काय बोलेल ते. पहिला मसुदा दोन पानी झाला. त्यात मी त्याला रडवलं होतं. ते काढलं. आवाज दाटला एवढंच ठेवलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
ऑफिसातून लवकर निघालो. गॅरेजमध्ये शस्त्रपूजा. सोल्डरिंग आयर्न, क्लॅम्प, मीटर, अँप, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. फुलं अर्विंगहून आणली, पाऊण तास हायवेवर अडकून. गिटारलाही वाहिली. शत्रूची असली तरी वाद्य आहे.

हळदकुंकू ब्रिजच्या जागी उघड्या लाकडावरच लावलं. वरून ब्रिज बसला की कोणाला दिसणार नाही आणि आशीर्वाद आतल्या आत राहील. दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. आणि पाण्यात कालवलं नाही. पाण्याने लाकूड फुगतं. खोबरेल तेलात कालवलं. चांगलं सढळ हाताने. याला म्हणतात ज्ञान.

४ ऑक्टोबर, शनिवार
गोंद लावला, क्लॅम्प आवळले. गोंद लावण्याआधी जागा पूर्ण कोरडी हवी, तेलाचा अंशही नको, असं मी ज्यावरून शिकतोय त्या व्हिडिओतला माणूस तीनदा म्हणतो. तो मिशिगनचा आहे. त्याला दसरा काय माहीत! दसऱ्याला लावलेलं कुंकू सॅंडपेपरने घासून काढणारा माणूस मी नव्हे.

११ ऑक्टोबर, शनिवार
क्लॅम्प काढले. ब्रिज जागच्या जागी! तारा लावल्या. वाजवली. उल्का स्वयंपाकघरातून आली आणि छान वाटतंय असं म्हणाली. त्या हसण्यानंतर सहा आठवड्यांनी. मी तिला माफ करण्याच्या विचारात आहे.

किरकोळ नोंद: ब्रिजच्या मागच्या कडेखालून कागद आत जातो. पूर्ण नाही. अर्धा.

१८ ऑक्टोबर, शनिवार
आता व्हिजिटिंग कार्ड जातं. लाकूड श्वास घेतं.

तारा सैल करून ठेवल्या. सैल असल्या की कार्ड जात नाही. स्टेजवर शंतनू स्वतःच ट्यून करून घेईल. शेवटचं ट्यूनिंग कलाकाराने करायचं असतं.

अनिका दाराशी उभी राहून सगळं बघत होती. बाबा, जस्ट टेल हर, असं म्हणाली. मी म्हटलं, काय टेल करायचं? व्यवस्थित आहे. ती माझ्या हातातलं कार्ड बघत राहिली. चार वाजता आश्लेषा येऊन केस घेऊन गेली. तिने चकल्या आणल्या होत्या. मी चार खाल्ल्या.

२५ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३.३०
आज.

सिल्कचा कुर्ता. पहिल्या रांगेत मधली खुर्ची, मंजुषाताईंना सांगून राखून ठेवली. त्या मंडळाच्या अध्यक्ष. अनिकाला माइकचा क्लोजअप रेकॉर्ड करायला सांगितलंय. त्याने माफी मागितल्यावर काय करायचं याची आरशासमोर प्रॅक्टिस केली. मान किंचित हलवायची. हसायचं नाही. आठ आठवडे जळलोय मी, उगाच नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६.४०
लिहितो.

आश्लेषाने स्टेजवर केस आणून दिली आणि दुरुस्ती काकांनी केली असं त्याला सांगितलं. शंतनूने ती उघडली आणि नुसता बघत उभा राहिला. मग गिटारच्या पाठीवरून हात फिरवला. बाबांची आहे, एवढंच म्हणाला, तेही माइकपासून लांब. मग खाली बसून तारा कसायला लागला. एकेक. त्याचा कान चांगला आहे, अर्धवट सोडत नाही. मी खुर्चीतून प्रत्येक पीळ मोजत होतो.

गाण्याच्या दुसऱ्या ओळीला फाडकन आवाज झाला. ब्रिज तारांसकट उखडून वर आला आणि माइकवर आपटला.

खाली उघड्या लाकडावर माझं हळदकुंकू, तेलाने चकाकणारं. गोंदाचा पापुद्रा ब्रिजबरोबर निघून आलेला. शंतनूने तिथे बोट लावलं. बोट लाल झालं. त्याने ते चोळून पाहिलं, वास घेतला, आणि थेट माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. आता तो माइकवर काय बोलणार हेही मला कळलं होतं. त्याच्या जागी मी असतो तर सोडलं नसतं.

त्याने गिटार उलटी केली आणि पोटाशी धरली, कोणाला ती जागा दिसू नये म्हणून. मग माइक जवळ ओढून म्हणाला की माझी चूक झाली, उत्साहात मी तारा जास्त ताणल्या. काकांनी एवढं मन लावून काम केलं होतं. सॉरी काका.

तीनशे लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मंजुषाताईंनी मला उभं राहायला लावलं. मी उभा राहिलो. मान हलवायची होती ती वर होईना.

अनिकाने क्लोजअप पाठवलाय. मी उघडलेला नाही.

सकाळी १०.१५
शंतनूला फोन केला. तेल मी लावलं होतं, असं सांगितलं. कार्ड जात होतं तेही सांगितलं.

माहीत आहे काका, असं म्हणाला. कार्डाचं नव्हतं माहीत, असंही म्हणाला.

गिटार आता कुठे देणार, असं मी विचारलं. दुकानात, तीन महिने थांबू, असं म्हणाला. बरोबर आहे, असं मी म्हटलं. मग आम्ही बराच वेळ थंडीबद्दल बोललो. प्लेनोत अजून थंडी पडलेली नाही.